आधी पडायला शीक

चव्वेचाळिसाव्या वर्षी ज्युदो शिकायला निघालास, हे दादाकडून कळलं आणि मला मनापासून आनंद झाला. वहिनीला काळजी वाटणंही साहजिक आहे. फोनवर सगळं अर्धवट राहतं, म्हणून नीट लिहून पाठवते. यातलं बरंच काही आमच्या सरांनी आम्हाला सांगितलेलं आहे. उरलेलं चाळिशी-पन्नाशीत आलेल्या माणसांना शिकवताना, गादीच्या कडेला उभं राहून बघत बघत कळत गेलं.

आधी एक कसोटी सांगते. वर्गात काहीही करायची वेळ आली की स्वतःला विचार, हे केलं तर पुढच्या वर्गाला मी येऊ शकेन का? उत्तर डळमळीत असेल तर ते करू नकोस. वीस वर्षांच्या पोराला हा प्रश्न पडत नाही, कारण त्याचा मुरगळलेला घोटा आठवड्याभरात सुधारतो. तुझा महिना-दीड महिना खाईल, आणि दीड महिना घरी बसलेला माणूस बहुधा परत येत नाही. डाव जमत नाहीत म्हणून ज्युदो सोडणारी मोठी माणसं मी फारशी पाहिली नाहीत. एका किरकोळ दुखापतीने सवय मोडली आणि मग ऑफिस, मुलांच्या परीक्षा, पावसाळा असं एकामागून एक येत गेलं, असेच बहुतेक सगळे सुटले.

ही कसोटी भित्रेपणाची आहे असं समजू नकोस. ज्युदो जन्माला आला तोच असा विचार करून. जिगोरो कानो यांनी 1882 साली तोक्योतल्या एइशोजी मंदिरात, जेमतेम बारा तातामींच्या, म्हणजे बारा जपानी चटयांच्या, जागेत कोदोकान ही ज्युदोची शाळा सुरू केली. तेव्हा ते 21 वर्षांचे होते आणि अंगाने अगदी लहानखुरे. त्यांनी जुजुत्सूच्या, म्हणजे जुन्या जपानी झुंजविद्येच्या, ज्या घराण्यांत शिक्षण घेतलं, तिथे ठोसे होते, लाथा होत्या, बोटं-मनगटं पिरगळणं होतं. अशा गोष्टींचा पूर्ण जोर लावून रोज सराव कसा करणार? कानोंनी धोक्याचे प्रकार कातांमध्ये ठेवले, म्हणजे ठरलेल्या क्रमाने दोघांनी मिळून करायच्या सरावात. मोकळ्या झुंजीत, रांदोरीत, फेकणं, दाबून धरणं, गळा आवळणं आणि सांध्यांपैकी फक्त कोपराचे पेच एवढंच पुढे राहिलं. त्यामुळे दोन माणसं सगळी ताकद लावून झुंजू लागली आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा झुंजायला हजर राहू लागली. तेव्हा तुला कोणी म्हणालं की जपून खेळणारा खरा ज्युदोका नव्हे, तर त्याला ज्युदोचा इतिहास माहीत नाही असं खुशाल समज.

पैसे भरण्याआधी एक अख्खा वर्ग बाजूला बसून बघ. शिक्षकांच्या दंडाकडे किंवा भिंतीवरच्या पदकांकडे बघू नकोस. त्या खोलीतल्या सगळ्यात नवख्या आणि सगळ्यात कमजोर माणसाचं काय चाललंय ते बघ. त्याला कोणी हळू टाकतंय का? तो थांबला तर कोणी हसतंय का? तुझ्या वयाची दोन-चार माणसं आहेत का? जिथे फक्त शाळकरी पोरं आणि स्पर्धेच्या तयारीतले खेळाडू आहेत, तिथले शिक्षक कितीही चांगले असले तरी तुझ्या शरीराचा विचार करायची त्यांना सवय नसते. मग गादी बघ. मॅट साधारण 4 ते 5 सेंटीमीटर जाडीच्या हव्यात आणि एकमेकींना घट्ट भिडलेल्या हव्यात. दोन मॅटमधल्या फटीत पायाचा अंगठा अडकून जितकी बोटं मोडतात, तितकी मी डावांनी मोडलेली पाहिली नाहीत. भिंत, खांब, खिडकीचा कठडा गादीपासून किती लांब आहे तेही बघून ठेव.

डॉक्टरांकडे आधी जा. रक्तदाब, साखर, ईसीजी हे तर आहेच. ‘व्यायाम सुरू करतोय’ एवढंच सांगितलंस तर ते चालायला जाणार असं धरून चालतील. म्हणून ‘कोणीतरी मला उचलून आपटणार आहे’ असं स्पष्ट सांग. मान अवघडते का, हाताला मुंग्या येतात का, हे लपवू नकोस. तासन् तास लॅपटॉपपुढे बसणाऱ्यांच्या मानेत काय शिजत असतं ते वरून दिसत नाही. तुझ्या चष्म्याचा नंबर लहानपणापासून मोठा आहे. उणे 6 च्या पुढे असेल तर डोळ्यांच्या डॉक्टरांकडून पडदा तपासून घेतल्याशिवाय गादीवर पाऊल ठेवू नकोस. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर हा खेळ तुझ्यासाठी नाही.

आता मुख्य गोष्ट, पडणं. जपानीत तिला उकेमी म्हणतात. पहिले दोन-तीन महिने तुला दुसरं काहीही आलं नाही तरी चालेल, पण पडणं आलं पाहिजे.

आपल्याकडे यात एक अडचण आहे, ती तुला आधीच सांगते. आपण कुस्तीच्या मुलखातले. पाठीला माती लागली की हार, हे आपल्याला कोणी शिकवावं लागत नाही. जत्रेतल्या फडाभोवती बसून ते अंगात मुरलेलं असतं. त्यामुळे आपला माणूस पडताना जीव खाऊन वळतो, हात टेकतो, डोक्यावर कमान करतो, काहीही करून पाठ वाचवतो. सरावात ते विसर. हात टेकवलास की सगळं वजन मनगटावर, कोपरावर नाहीतर गळपट्टीच्या हाडावर येतं. डोक्याने टेकू दिलास तर मान जाते, आणि स्पर्धेत तर मुद्दाम डोकं टेकवणाऱ्याला बादही करू शकतात. पाठीवर पडलास याचा अर्थ समोरच्याचा डाव बरोबर बसला. त्याला तो बसवू दे. त्याला शिकू दे, तूही पडायला शीक.

सुरुवात उताणं झोपून कर. हनुवटी छातीला लाव आणि नजर कमरेच्या पट्ट्याच्या गाठीवर ठेव. गाठ दिसते आहे तोवर डोकं मागे आपटत नाही. आमचे सर त्या गाठीशिवाय दुसरीकडे बघूच देत नसत. दोन्ही हात अंगापासून साधारण 30 ते 45 अंशांवर, तळवे खाली, आणि खांद्यापासून बोटांपर्यंतचा सबंध हात एकदम गादीवर मारायचा. कोपर आधी टेकता कामा नये. हात खांद्याच्या रेषेत वर गेला तर खांदा दुखावतो, अंगाला चिकटला तर त्याचा उपयोग होत नाही. हात मारताना श्वास सोडायचा. श्वास धरून पडलास तर छातीत धस्स होईल आणि दोन मिनिटं काही सुचणार नाही. हे झोपून जमलं की उकिडवं बसून पाठ गोल करत मागे पड, मग अर्धं उभं राहून, मग पूर्ण उभं राहून. कुशीवर पडताना पाय एकमेकांवर चढू देऊ नकोस, नाहीतर घोट्यावर घोटा आणि गुडघ्यावर गुडघा आदळतो. पुढची कोलांटी सरळ डोक्यावरून घ्यायची नसते. ती एका खांद्यावरून निघून विरुद्ध बाजूच्या कमरेकडे तिरकी उतरते.

चाळिशीनंतर कोलांट्यांनी गरगरतं, हे कोणी सांगत नाही आणि माणूस मनातल्या मनात घाबरतो. लहानपणी झोके, आट्यापाट्या, नदीत उड्या चालू असतात. पुढे वीस वर्षं डोकं कधी खाली जातच नाही. दोन-तीन कोलांट्या, मग उभं राहून भिंतीवरच्या एका ठिकाणी नजर, मग पुन्हा दोन. काही आठवड्यांत बहुतेकांचं गरगरणं कमी होतं. नुसतं कूस बदलल्यावरही खोली फिरत असेल तर मात्र कानाच्या डॉक्टरांना दाखव.

आणि उकेमी शिकून झाली असं कधी धरू नकोस. प्रत्येक वर्गाच्या सुरुवातीला दहा मिनिटं पड. मला तर वाटतं, या सगळ्या विद्येतली तुझ्या खरोखर कामी येणारी हीच गोष्ट आहे. रस्त्यावर कोणाशी झुंजायची वेळ तुझ्यावर येणार नाही, येऊही नये. पण ओल्या फरशीवरून, जिन्यावरून, शेवाळलेल्या अंगणात घसरायची वेळ साठीत आणि सत्तरीत येणारच आहे.

ओसोतोगारी नावाचा डाव तुला पहिल्याच महिन्यात दिसेल. समोरच्याचा पाय मागून कापून त्याला सरळ मागे टाकायचं, इतकं सोपं दिसतं ते. जपानमधल्या शाळांत ज्युदोमुळे डोक्याला ज्या गंभीर दुखापती झाल्या, त्यांत हा डाव सगळ्यात पुढे आहे, आणि दुखापत झालेल्यांत नवखी मुलं फार. कारण तेच, मागे पडताना हनुवटी सुटते. तुझी मागची उकेमी पक्की आहे असं शिक्षक स्वतः म्हणत नाहीत तोवर हा डाव स्वतःवर घेऊ नकोस. ‘अजून नको’ म्हणायचा तुला पूर्ण हक्क आहे. डोकं आपटलंच आणि मळमळलं, धूसर दिसलं किंवा क्षणभर काही आठवेनासं झालं, तर त्या दिवशी पुन्हा गादीवर जायचं नाही. बरं वाटत असलं तरी नाही. डॉक्टरांना दाखवायचं आणि त्यांनी हो म्हटल्यावरच परतायचं.

जोडीदार कसा निवडायचा? धोका काळ्या पट्ट्याचा नसतो. त्याला जोर कुठे लावायचा आणि कुठे सोडायचा हे कळतं, तू पडताना तो तुझी बाही वर ओढून धरतो. सांभाळायचं ते तुझ्याइतक्याच नव्या, जिममध्ये कमावलेल्या, हरायला तयार नसलेल्या पांढऱ्या पट्ट्यापासून. तो तोल गेल्यावर तुझ्यासकट कोसळतो आणि त्याचं सगळं वजन तुझ्या गुडघ्याच्या बाजूवर येतं. तानी ओतोशी हा डाव असाच आडून गुडघ्यावर बसतो. कोणी तो अर्धवट शिकून करत असेल तर त्याच्याशी रांदोरी करू नकोस. कानी बासामीवर, म्हणजे पायांची कात्री करून पाडायच्या डावावर, तर स्पर्धांत बंदीच आहे. 1980 मध्ये यासुहिरो यामाशितासारख्या बलाढ्य खेळाडूचा पाय त्या डावात मोडला. त्यांनी 1984 च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्ये सुवर्णपदक जिंकलं खरं, पण तेव्हा ते सत्तावीस वर्षांचे होते. झुंज सुरू करण्याआधी वाकून रेई करतोस ना, तेव्हाच मोकळेपणाने सांगायचं, ‘माझा डावा गुडघा जरा सांभाळून.’ यात कमीपणा काही नाही. चांगला जोडीदार ते ऐकतो आणि वाईट जोडीदार कोण हेही लगेच कळतं.

कोपराचा पेच बसला की दुखायची वाट बघायची नाही. हात सरळ झाला आणि सुटत नाही हे कळलं की थाप मारायची. दोनदा, जोरात, आणि शक्यतो त्याच्या अंगावर मार म्हणजे त्याला जाणवेल. हात अडकले असतील तर पाय आपट, नाहीतर तोंडाने ‘माइत्ता’ म्हण. तरुणांचे सांधे क्षणभर उशीर सहन करतात, तुझे करणार नाहीत. गळा आवळायच्या डावांत मानेतून मेंदूकडे जाणारं रक्त अडतं आणि काही सेकंदांत शुद्ध जाऊ शकते. माझं मत विचारशील तर रक्तदाब किंवा कोलेस्टेरॉल वाढलेल्या माणसाने पंचेचाळिशीनंतर ते स्वतःवर घेऊच नयेत. पकड बसताच थाप मारून मोकळं व्हावं. वर्गात एकदा सांगून ठेवलंस की लोक ते पाळतात.

डाव किती शिकायचे? सगळे ओळखायला शीक, पण स्वतःचे म्हणून दोनच घे. तुझी उंची आणि लांब पाय बघता एक पायाचा डाव, देआशीबाराई, आणि एक कमरेचा, ओगोशी, एवढं पुरे. गुडघ्यांवर धपकन बसून खांद्यावरून टाकायचा सेओइनागे पोरं झपाट्याने करतात आणि तो दिसतोही सुंदर. तुझे गुडघे त्यासाठी नाहीत. मोठ्या माणसाचं शरीर हळू शिकतं, पण त्याला कारण कळलं की ते विसरत नाही. घरी गेल्यावर वहीत चार ओळी लिही: तोल कुठल्या दिशेला गेला होता, कुठला पाय आधी पडला, शिक्षकांनी काय दुरुस्त केलं. जोडीदाराला न टाकता केवळ डावात शिरायचा सराव, उचिकोमी, हा तुझ्या वयाचा खरा खुराक आहे. रांदोरीच्या दोन फेऱ्या कमी झाल्या तरी चालतील, उचिकोमी चुकवू नकोस.

आठवड्यातून दोन वर्ग, मध्ये किमान एक दिवस मोकळा. पहिल्या सहा महिन्यांत तिसरा वर्ग जोडायचा मोह होईल, कारण दम वाढलेला असेल आणि दंडही भरलेले असतील. पण स्नायू लवकर तयार होतात, त्यांना हाडांशी बांधणाऱ्या शिरा फार सावकाश. ताकद आली आणि शिरा अजून कच्च्याच आहेत, हा मधला काळ सगळ्यात वाईट. टाचेच्या मागची जाड शीर तटकन तुटते ती बहुतेकदा तिशी ते पन्नाशीतल्या, कधीतरी खेळणाऱ्या पुरुषांची. म्हणून आठवडाभर खुर्चीत बसून रविवारी एकदम तीन तास, असं कधीही करायचं नाही. पायरीच्या कडेवर उभं राहून टाचा सावकाश वर-खाली करणं, बैठका आणि दोन्ही हातांत जड पिशव्या धरून चालणं, एवढं घरी कर. दंड आपल्याकडे सगळे काढतात, पाठीकडे कोणी बघत नाही. ज्युदो मात्र ओढण्याचा खेळ आहे, तेव्हा दोर किंवा टॉवेल बांधून ओढायचे व्यायाम हवेत. वर्गाला भरल्या पोटी जाऊ नकोस. दोन तास आधी भाकरी-उसळ खा, आणि रात्री आल्यावर दूध, अंडी, डाळ काहीतरी पोटात जाऊ दे. झोप सात तासांच्या खाली गेली असेल त्या दिवशी उकेमी आणि उचिकोमी करून परत ये.

दुखण्याचे दोन प्रकार असतात, ते वेगळे ओळखायला शीक. मांड्या, पाठ, हातांचे पंजे दुसऱ्या दिवशी दुखतील, जिना उतरताना कळ येईल. ते मांसाचं दुखणं, चालायला जा, शेक घे, दोन दिवसांत जाईल. सांध्यात एकाच जागी टोचणारी कळ मात्र वेगळी. गुडघ्यात ‘टक्’ झालं आणि काही तासांत तो सुजला, तर तेल चोळत बसायचं नाही, लेप लावायचा नाही, हाडाच्या डॉक्टरांकडे जायचं. छातीत दडपण, जबड्यात किंवा डाव्या हातात कळ, नेहमीपेक्षा वेगळी धाप, गार घाम यांतलं काहीही झालं तर शिक्षकांची परवानगी न मागता थांब आणि ताबडतोब दवाखाना गाठ.

कातडीचंही सांगते. दोन माणसं घामाने चिंब होऊन तासभर एकमेकांना भिडतात, तेव्हा गजकर्ण एकाचं दुसऱ्याला होतं. ज्युदोगी, म्हणजे ज्युदोचे कपडे, प्रत्येक वर्गानंतर धुवायची. पावसाळ्यात ती दोन दिवस वाळत नाही, म्हणून दुसरी घेऊन ठेव. नखं कापलेली हवीत, गादीबाहेर पाऊल टाकताना चपला हव्यात, घरी आल्याबरोबर अंघोळ. गोल, कडेने खाजणारा चट्टा दिसला की गादीवर जाणं बंद. औषधाच्या दुकानात जाऊन ‘खाजेची ट्यूब द्या’ म्हणू नकोस. अशा पुष्कळ ट्यूबांत स्टेरॉइड मिसळलेलं असतं. खाज दोन दिवसांत थांबते, चट्टा आतून पसरतो आणि नंतर साध्या औषधांना दाद देत नाही. त्वचेच्या डॉक्टरांनी दिलेलं औषध सांगितलेले सगळे आठवडे लावायचं.

पट्ट्यांचा रंग कधी बदलेल ते मला विचारू नकोस. तिशीपुढच्या खेळाडूंसाठी पाच-पाच वर्षांच्या गटांत स्पर्धा होतात, तू चाळीस ते चव्वेचाळीसच्या गटात बसतोस. उतरायचं की नाही ते शिक्षक आणि तू मिळून ठरवा. पण निदान दोन वर्षं गादीवर काढल्याशिवाय ठरवू नका.

पट्ट्याची घाई वाटलीच तर केइको फुकुदांना आठव, त्यांच्याबद्दल मी तुझ्याशी पूर्वी बोलले असेन. पाच फुटांहून बुटक्या, 1913 चा जन्म. त्यांचे आजोबा कानोंचे जुजुत्सूचे एक गुरू, म्हणून कानोंनी स्वतः त्यांना बोलावलं आणि 1935 मध्ये त्या कोदोकानात दाखल झाल्या. बायकांना पाचव्या दानच्या, म्हणजे काळ्या पट्ट्याच्या पाचव्या पायरीच्या, वर जाऊच द्यायचं नाही अशी तिथली रीत होती, तिच्यात त्यांची कितीतरी वर्षं गेली. 2011 मध्ये, अठ्ठ्याण्णवाव्या वर्षी, अमेरिकेतल्या ज्युदो फेडरेशनने त्यांना दहावा दान दिला, आणि 2013 मध्ये जाईपर्यंत त्या सॅन फ्रान्सिस्कोत शिकवत होत्या. त्यांची खासियत होती जू नो काता. तीन गटांत पाच-पाच अशी पंधरा तंत्रं, कुठेही आपटणं नाही, ज्युदोगीसुद्धा लागत नाही. जोडीदाराला उचलून आपल्या कमरेवर तोलून धरायचं आणि अलगद पुन्हा उभं करायचं. तोल कुठून सुटतो ते त्यात जसं कळतं, तसं मला रांदोरीत कधी कळलं नाही. तुझ्या वर्गात ती शिकवत नसतील तर विचार. शिक्षकांना येत असते, कोणी मागत नाही म्हणून राहून जाते.

गुडघा दुखावला, सर्दी झाली, रांदोरी नको वाटली, तरी वर्ग बुडवायचा नाही. काता करायची, नाहीतर कडेला बसून बघायचं आणि वहीत लिहायचं. गणपतीत येशील तेव्हा वही बरोबर आण. जू नो काताचा पहिला गट मी तुला इथे हॉलमध्ये सतरंजी बाजूला सारून दाखवीन, उके, म्हणजे डाव अंगावर घेणारी, मी होईन. तोवर मला फक्त एवढं कळव, की दोन मॅटमध्ये फट आहे का आणि डोळ्यांचा पडदा तपासलास का.